सहा हरिकेन, एक धावपट्टी: गटानं मिळून युद्धकालीन विमानांची मॉडेलं बांधताना

गटानं विमानं बांधायची ठरलं की पहिल्या बैठकीचा निम्मा वेळ किट (मॉडेलच्या सुट्या भागांचा संच) कुठलं घ्यायचं यात जातो. किट नंतरही ठरवता येतं. आधी जागा आणि तारीख पक्की करा. रंग किती विटलेला असेल, चाकांना धूळ की चिखल, खुणा कोणत्या, हे सगळं त्यावरून ठरतं. नुसतं 'दुसऱ्या महायुद्धातली हरिकेन' एवढंच ठरवून सहा जण घरी गेले तर तीन महिन्यांनी टेबलावर सहा वेगवेगळ्या आघाड्यांवरची विमानं जमतात. प्रत्येक सुटं पाहिलं तर देखणं, पण रांगेत उभं केलं की एकमेकांशी काही नातं नाही.

इथे उदाहरण घेतलंय ते इंफाळचं, १९४४ सालचं. भारतीय वायुसेनेचं क्रमांक १ स्क्वाड्रन स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या हाताखाली त्या वर्षीच्या फेब्रुवारीत इंफाळला आलं. काम मुख्यतः टेहळणीचं, जोडीला जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ले, आणि विमान हॉकर कंपनीचं हरिकेन, एका इंजिनाचं ब्रिटिश लढाऊ विमान. मार्चमध्ये जपानी फौजांनी इंफाळचा रस्ता तोडला, तो २२ जूनला कोहिमाच्या बाजूनं पुन्हा मोकळा झाला. या तीन महिन्यांतच मॉडेल करणाऱ्यासाठी दोन वेगळे ऋतू आहेत. मार्चअखेर म्हणजे कोरडी माती, उन्हानं विटलेला रंग, पंखाच्या कडेवर धुरळा. जून म्हणजे चिखल, पाण्याचे ओघळ, ओल्या ताडपत्र्या. शिवाय खोऱ्यातल्या धावपट्ट्यांपैकी इंफाळ मेन आणि पालेल या दोनच बारमाही होत्या. कांगला, तुलिहाल, वांगजिंग, सपाम या पट्ट्या कोरड्या दिवसांच्या. त्यामुळे विमान जूनमध्ये कुठे उभं आहे यावर चिखल किती लावायचा ते ठरतं. गटानं एकच महिना आणि एकच पट्टी निवडायची, आणि तो निर्णय कागदावर लिहून सगळ्यांना द्यायचा.

एकसारखं काय, वेगळं काय

गटाच्या कामाचं मर्म इथे आहे. कारखान्यातून आणि सरकारी आदेशातून आलेली प्रत्येक गोष्ट सहाही विमानांवर एकसारखी हवी. विमानाच्या स्वतःच्या आयुष्यातून आलेली प्रत्येक गोष्ट वेगळी हवी. पहिल्या यादीत प्रमाण, मूळ रंग, छद्मावरणाचा (नजरेतून लपण्यासाठीच्या रंगांचा) नमुना, खुणांचा निळा, शेवटच्या वार्निशची चमक आणि धुळीचा रंग. दुसऱ्या यादीत रंग किती विटला, टवके कुठे उडाले, तेल कुठून गळतं, कुठला भाग बदललाय. नवखे गट हे नेमकं उलटं करतात. मूळ हिरवा प्रत्येकाच्या बाटलीतला वेगळा, आणि टवके मात्र सगळ्यांचे एकाच व्हिडिओवरून शिकल्यासारखे एकाच जागी.

म्हणून कामं वाटून घ्या. एकानं सगळे मूळ रंग मिसळून वाटायचे. एकानं खुणांचे मास्क (रंग फवारायचे कापीव साचे) कापायचे किंवा डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा) आणायचे. एकानं तळफळी आणि माती सांभाळायची. एकाकडे फोटोंची फाइल. उरलेल्या दोघांकडे जिग (भाग योग्य कोनात धरणारा साचा) आणि मोजमापं. बांधणी मात्र प्रत्येकानं आपापल्या विमानाची.

शिवाय प्रत्येकाला एक 'चिठ्ठी' द्या. एक विमान नुकतंच मोठ्या दुरुस्तीतून आलेलं: रंग ताजा, फक्त धूळ. दुसरं सगळ्यात जुनं: रंग खडूसारखा, पंखावरच्या पायवाटेचा धातू उघडा. तिसऱ्याचं सुकाणू दुसऱ्या विमानावरून काढून बसवलेलं, त्यामुळे तिथला हिरवा गडद. चौथ्याच्या खुणा नुकत्याच बदललेल्या. पाचव्याचं इंजिन तेल गाळणारं. सहावं कच्च्या पट्टीवरून जाऊन आलेलं, शेपटीपर्यंत शिंतोडे. चिठ्ठी मिळाली की माणूस आपोआप हात आवरतो, कारण त्याला एकच गोष्ट सांगायची असते.

प्रमाण आणि किट

हरिकेनचा पंखविस्तार १२.१९ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याच्या मॉडेलात) १६९ मिलिमीटर आणि १/४८ मध्ये २५४. मार्क २ (हरिकेनची दुसरी आवृत्ती) ची लांबी ९.८४ मीटर, म्हणजे अनुक्रमे १३७ आणि २०५ मिलिमीटर. सहा विमानं मोकळीढाकळी उभी करायला १/७२ मध्ये साधारण ६० बाय ४५ सेंटिमीटरची फळी पुरते. १/४८ ला त्याच्या दुपटीहून जास्त जागा लागते, आणि ती फळी रिक्षात मावत नाही. पहिल्यांदा करणाऱ्या गटानं १/७२ च घ्यावं असं आमचं मत आहे.

मार्क २सी चं, म्हणजे चार तोफांच्या हरिकेनचं, किट आर्मा हॉबी आणि हासेगावा या दोघांकडेही दोन्ही प्रमाणांत निघालेलं आहे. सगळ्यांनी एकाच कंपनीचं एकच किट घ्या. दोन कंपन्यांच्या साच्यांत पॅनेल लाइनची (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषांची) खोली आणि मागच्या धडावरच्या कापडाचा उठाव वेगळा असतो. एकटं विमान असेल तर ते कुणाच्या लक्षात येत नाही, शेजारी शेजारी ठेवली की पहिली नजर तिथेच जाते.

किट उघडल्यावर तीन गोष्टी तपासा. नाकाखालचा व्होक्स धूळगाळणीचा फुगीर भाग त्यात आहे ना, कारण या आघाडीवरच्या हरिकेनना तो असे. २० मिलिमीटरच्या चार तोफांचे पंख आहेत ना, कारण मार्क २बी च्या पंखात बारा मशीनगन होत्या आणि पंखाची पुढची कड वेगळी दिसते. तिसरी गोष्ट, आपण निवडलेल्या विमानाचा फोटो. टेहळणीसाठी काही हरिकेनवरच्या चारपैकी दोन तोफा वजन कमी करायला काढलेल्या असत. फोटोत दोन दिसत असतील तर दोनच लावा. प्रत्यक्ष विमान पाहायचं असेल तर दिल्लीत पालमच्या वायुसेना संग्रहालयात एक हरिकेन आहे. त्याच्या आजच्या रंगावर जाऊ नका, पण मागच्या धडाचं कापड आणि त्याखालच्या पट्ट्या कशा दिसतात हे तिथे नीट कळतं.

बांधणी

सगळे स्प्रू (सुटे भाग ज्यांना जोडलेले असतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटी) कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि वाळू द्या. साच्यातून सुटायला लावलेलं तेल राहिलं तर रंग नंतर मास्किंग टेपबरोबर सोलून येतो. हे कळतं ते थेट खुणा करताना, म्हणजे सगळ्यात वाईट वेळी.

कॉकपिटमध्ये एक गोष्ट पुष्कळ जण चुकवतात: हरिकेनला कॉकपिटची सलग जमीन नाही. वैमानिकाच्या पायांखाली दोन पन्हळ्या आणि बाकी पोकळी. नळ्यांचा सांगाडा अॅल्युमिनियम रंगाचा, खुर्ची आणि बाजूचे भाग करडट हिरव्या रंगात, हम्ब्रोल कंपनीचा ७८ नंबरचा रंग चालतो. झडप बंद ठेवणार असाल तर इथे एका संध्याकाळीपेक्षा जास्त वेळ घालवू नका. १/७२ मध्ये आतलं जवळजवळ काही दिसत नाही.

पंख आणि धडाचा सांधा ही खरी कसोटी. आधी गोंद न लावता बसवून पाहा. पंखाच्या मुळाशी फट दिसली तर पुट्टी भरायच्या आधी धडाच्या आत एक प्लॅस्टिकची पट्टी आडवी घालून धड किंचित फाकवा. अर्ध्या मिलिमीटरची फट अशीच मिटते आणि नक्षी वाचते. खालच्या बाजूला, पंखाचा मधला भाग जिथे मागच्या धडाला मिळतो तिथे पायरी राहते. ती घासावी लागते, पण तिथूनच कापडाचा भाग सुरू होतो. म्हणून ६०० नंबरच्या वॉटर पेपरची अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टी कापून फक्त सांध्यावर फिरवा, मग १००० आणि २०००. मोठा तुकडा घेऊन घासलंत तर कापडाखालच्या पट्ट्यांचा उठाव सपाट होतो आणि तो परत आणता येत नाही.

पंखांची चढण जिगनं तपासा. हरिकेनच्या पंखाचा मधला भाग सपाट, बाहेरचे दोन भाग वर उचललेले. आराखड्यातलं समोरचं चित्र मॉडेलच्या मापात छापा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापा आणि तोच एक पुठ्ठा सहा जणांत फिरवा. गोंद सुकेपर्यंत विमान त्यावर बसलेलं असू द्या. एका पंखाचं टोक दोन मिलिमीटर खाली असलं तर सुट्या मॉडेलमध्ये चालून जातं, रांगेत मात्र ते विमान लंगडं वाटतं. चाकांच्या दांड्यांनाही हेच लागू.

टायरचा तळ ४०० च्या पेपरवर घासून अर्ध्या मिलिमीटरची सपाटी काढा. टायर फुगवटा आल्यासारखे करायच्या भानगडीत पडू नका, १/७२ मध्ये ते फुटलेले दिसतात.

रंग: एकाच बाटलीतून

वरून डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, खालून मीडियम सी ग्रे. टामिया कंपनीच्या रंगांत एक्सएफ-५२, एक्सएफ-८१ आणि एक्सएफ-८३. हम्ब्रोलमध्ये २९, ३० आणि १६५. १/७२ च्या एका विमानाला प्रत्येक वरच्या रंगाचं पातळ केलेलं ४ मिलिलिटर पुरतं. सांडलवंड धरून सहा विमानांना १० मिलिलिटरच्या दोन-दोन बाटल्या आणा आणि दोन्ही बाटल्या एका मोठ्या बाटलीत ओतून मगच वाटा. एकाच नंबरच्या दोन बाटल्यांतही छटा थोडी सरकते.

छोट्या मॉडेलवर खरा रंग काळपट दिसतो. तिन्ही रंगांत दहा भागाला एक भाग एक्सएफ-५७ बफ घाला. पांढरा घालायचा मोह टाळा. हिरव्यात पांढरा गेला की तो पुदिन्याकडे झुकतो, आणि उन्हानं विटलेला हिरवा तसा नसतो, तो पिवळट करडा होतो.

एअरब्रशला (रंग फवारायच्या पेनला) ०.३ ची सुई, दाब १२ ते १५ पीएसआय, अंतर ८ ते १० सेंटिमीटर. टामियाचा रंग आणि त्यांचाच थिनर साधारण ४०:६०. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर हत्यारं धुवायला ठीक, रंगात घालू नका. जाड थर पडला तर प्लॅस्टिकचा पृष्ठभाग खातो. फवारताना खिडकी उघडी, पंखा बाहेर हवा टाकणारा, तोंडाला सेंद्रिय वाफांसाठीचा मास्क. कापडी रुमाल इथे काही कामाचा नाही.

मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये फवारणार असाल तर हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र जवळ ठेवा. ७० ते ७५ टक्क्यांच्या वर लॅकर वार्निश हमखास दुधाळ होतं, कारण थिनर झपाट्यानं उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि त्यावर दव धरतं. तसं झालं तर घाबरून घासू नका. कोरड्या दिवशी, किंवा एसी लावलेल्या खोलीत, नुसत्या हळू उडणाऱ्या थिनरचा हलका फवारा मारा. बहुतेक वेळा ते पुन्हा विरघळून साफ होतं. गटाचं वेळापत्रक करतानाच बांधणी पावसाळ्यात आणि फवारणी दसऱ्यानंतर ठेवली तर हा सगळा ताप वाचतो.

छद्मावरणाचा नमुना सहाही विमानांवर एकच. पंखविस्तार बरोबर १६९ मिलिमीटर येईल अशी छपाई करा, हिरव्या भागाच्या कडेनं कापा, आणि ते कागद ब्लू-टॅकच्या बारीक गोळ्यांवर मॉडेलपासून एक मिलिमीटर उचलून लावा. गोळी कडेपासून दोन मिलिमीटर आत. फवारा कागदाच्या काटकोनात हवा, तिरका मारलात तर रंग कागदाखाली शिरून कड पसरते. खऱ्या विमानावर दोन रंगांमधली धूसर कड काही सेंटिमीटरची, म्हणजे १/७२ मध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आत. हातानं मोकळी फवारलेली कड जवळजवळ नेहमीच त्याहून जाड येते.

खुणा

जपानी विमानांच्या लाल वर्तुळाशी गल्लत होऊ नये म्हणून या आघाडीवर ब्रिटिश विमानांच्या ओळख-वर्तुळातला लाल काढून टाकला गेला, आणि पुढे पांढराही निळसर केला गेला. म्हणून १९४४ मध्ये गडद निळ्याच्या आत फिकट निळा. शेपटीवरच्या पट्ट्याचंही तसंच. किटमधल्या युरोपच्या खुणा इथे चालणार नाहीत. बऱ्याच विमानांवर ही वर्तुळं १६ इंचांची लहान होती. १/७२ मध्ये ती ५.६ मिलिमीटर. फिकट निळ्यासाठी गडद निळ्याच्या एका भागाला पांढऱ्याचे चार भाग, आणि हाही रंग एकाच बाटलीतून.

मास्क कापून फवारलेल्या खुणा डिकलपेक्षा उजव्या, कारण पुढची झीज त्यांच्यावर रंगाबरोबर एकजीव होते. वर्तुळ कापणारी कात्री ५ मिलिमीटरला दगा देते, त्यापेक्षा गटातल्या कुणाकडे कटिंग प्लॉटर असेल तर सगळ्यांचे मास्क एकदमच कापून घ्या. विमानाचे क्रमांक मात्र डिकलचेच ठेवा. आठ इंची अक्षरं १/७२ मध्ये २.८ मिलिमीटर होतात, ती मास्कनं नीट येत नाहीत. क्रमांक फोटोवरून किंवा छापील नोंदीवरून घ्या, मनचा घालू नका. १९४४ मध्ये पंखांवर आणि शेपटीवर पांढरे ओळखपट्टेही आले, पण कुठल्या विमानावर कधी, याला फोटोशिवाय दुसरा आधार धरू नका.

'नुकत्याच बदललेल्या खुणा' अशी चिठ्ठी ज्याच्याकडे आहे त्यानं वर्तुळाभोवती जुन्या मोठ्या वर्तुळाच्या मापाचा ताज्या रंगाचा ठिगळ दाखवावा. भोवतालचा रंग विटलेला, ठिगळ गडद, आणि ठिगळाची कड ब्रशनं लावल्यासारखी किंचित वेडीवाकडी.

डिकल चमकदार वार्निशवरच लावा. मॅट पृष्ठभागावर खाली हवा अडकते आणि पारदर्शक भाग चंदेरी दिसायला लागतो. तसं झालंच तर टोकदार सुईनं चार-पाच भोकं पाडून डिकल मऊ करणारं द्रावण सोडा.

झीज: आधी कारण, मग ब्रश

हरिकेनवर झीज करताना सगळ्यात आधी विमानाचा नकाशा डोक्यात हवा. नाक, पंख आणि कॉकपिटपर्यंतचं धड यांवर धातूचे पत्रे. त्यामागचं धड म्हणजे लाकडी पट्ट्यांवर ताणलेलं कापड. सुकाणू, शेपटीचे हलणारे भाग आणि एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे, टोकाकडचे हलणारे भाग) यांवरही कापड. कापडावर चंदेरी टवके उडत नाहीत, कारण खाली धातूच नाही. तिथे रंग विटतो, पट्ट्यांच्या उंचवट्यावर थोडा घासला जातो, ठिगळ लागतात, बस्स. मागच्या धडावर चंदेरी ठिपके मारलेलं हरिकेन जाणकाराला दुरूनच कळतं.

नाकावरच्या फिरत्या पंख्याचंही तेच. रोटोल कंपनीच्या पंख्याची पाती बहुतेकदा दाबलेल्या लाकडाची असत. पुढच्या कडेला चंदेरी रंग लावण्याऐवजी काळा रंग झिजून करडा-तपकिरी झालेला दाखवा.

टवके मग उडतात कुठे? वैमानिक आणि मेकॅनिक डाव्या बाजूनं चढतात, म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी उजव्यापेक्षा स्पष्ट जास्त. तोफांची झाकणं रोज उघडतात, म्हणून त्यांच्या कडा आणि स्क्रू. इंजिनच्या आवरणाचे बंद. पंखाची पुढची कड, कारण पुढचं विमान उडवतं ते खडे तिथे आदळतात. एवढंच. १/७२ मध्ये अर्धा मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या विमानावर साडेतीन सेंटिमीटरचा पत्रा उघडा. ब्रश उचलण्याआधी हा हिशेब करा.

डाव्या पायवाटेसाठी केसांच्या स्प्रेची पद्धत सोपी. तेवढ्या भागावर आधी अॅल्युमिनियम रंग, तो पक्का सुकल्यावर केसांच्या स्प्रेचे दोन हलके थर, पंधरा मिनिटांनी छद्मावरणाचा रंग. तासा-दोन तासांच्या आत ओल्या आखूड ब्रशनं हलकं टोचा, रंग बारीक कपच्यांनी सुटतो. इथे रंग पाण्यानं किंवा अॅक्रिलिकच्या थिनरनं पातळ केलेला हवा. लॅकर थिनर वापरला तर रंग स्प्रेच्या थरात घुसतो आणि मग कितीही टोचा, सुटत नाही किंवा एकदम मोठा पापुद्रा निघतो. दुसऱ्या दिवशी करू म्हणून ठेवलं तरी तेच. बाकी टवक्यांना फाटक्या स्पंजचा तुकडा: गडद करड्या रंगात बुडवा, टिश्यूवर जवळजवळ सगळा पुसून टाका, मग फक्त कडांना टेकवा.

वॉश, म्हणजे रेषांत उतरणारा पातळ गडद रंग, फक्त धातूच्या भागावर. बर्न्ट अंबरला चिमूटभर काळा, वास नसलेल्या टर्पेंटाइनमध्ये एकास दहा. कॅमलिनचे तैलरंग चालतात, पण ते आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर अर्धा तास ठेवा म्हणजे जास्तीचं तेल शोषलं जातं, नाहीतर वॉश दोन दिवस ओला राहतो. वीस ते तीस मिनिटांनी पुसा: पंखांवर पुढून मागे, धडावर वरून खाली. कापडाच्या पट्ट्यांमध्ये वॉश भरला तर विमान हाडं वर आलेल्या जनावरासारखं दिसतं; तिथे मूळ रंगाहून जेमतेम एक छटा गडद असा अतिशय पातळ फवारा द्या.

विटलेला रंग तैलरंगाच्या ठिपक्यांनी करा. बफ, फिका करडा, थोडा पिवळट हिरवा, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके एका पॅनेलवर चार-पाच, आणि टर्पेंटाइननं जेमतेम ओल्या ब्रशनं ओढून जवळजवळ नाहीसे करा. वरून ऊन पडतं, म्हणून पंखाचा वरचा भाग आणि धडाची पाठ जास्त फिकट, बाजू कमी, खालचा करडा जवळजवळ तसाच. खालूनवरून सारखं विटलेलं विमान दिसलं की समजावं, कारणाचा विचार झालेला नाही.

धुराड्यांची काजळी नुसती काळी नसते. नळीजवळ तपकिरी-काळी, आणि मागे जाताना मध्यभागी फिकट करडी, कारण त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसं असे आणि त्याचा थर फिकट बसतो. आधी तपकिरी-काळा अतिशय पातळ, ९ भाग थिनरला १ भाग रंग, दाब १० पीएसआय, दोन-तीन सेंटिमीटरवरून, हवेच्या झोताच्या दिशेनं किंचित खाली वळवत. मग मधोमध बफ-करड्याची एक बारीक रेघ. हा फवारा एका बैठकीत पूर्ण करू नका. थांबा, दुसऱ्या दिवशी पाहा, कारण ओला असताना तो नेहमी फिका वाटतो.

इंधनाचे डाग टाकीच्या झाकणापासून सुरू होतात. समोरच्या काचेच्या पुढची धडातली राखीव टाकी आणि पंखाच्या मुळातल्या दोन, या तिन्ही झाकणांपासून मागे वाहणारे बारीक ओघळ. तेल पोटाखाली, रेडिएटरच्या मागे. तोफांच्या तोंडाशी काजळी थोडी, आणि पंखाखाली रिकामी काडतुसं बाहेर पडतात त्या खाचांमागे थोडी. तेलाचे डाग शेवटच्या मॅट वार्निशनंतरच द्या, म्हणजे त्यांची ओली चमक टिकते.

धूळ, चिखल आणि फळी

धुळीचा रंग तळफळी सांभाळणाऱ्यानं एकच बनवायचा आणि डब्यांत वाटायचा. इंफाळचं खोरं गाळाच्या मातीचं, म्हणून करडट तपकिरी धरा. सह्याद्रीतल्या लाल मातीची सवय असलेला हात नकळत तांबूस करतो, तो आवरा. सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या ४०० च्या पेपरवर घासून भुकटी होते: तपकिरी दोन भाग, करडा एक भाग, थोडा पिवळट. कोरड्या ब्रशनं चाकं, दांड्या, पंखाच्या मुळाशी बुटांच्या जागा आणि फ्लॅपच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या, खाली उघडणाऱ्या झडपेच्या) खालची बाजू. वार्निशखाली पेस्टल निम्मं नाहीसं होतं, म्हणून शेवटच्या वार्निशनंतरच लावा, आणि पुढे मॉडेल फक्त चाकांजवळ धरा.

जून निवडला असेल तर तीच भुकटी, प्लास्टर ऑफ पॅरिस आणि पाण्यात पातळ केलेला फेविकॉल यांचा लगदा. मुख्य चाकं चिखल मागे आणि वर फेकतात: फ्लॅपची खालची बाजू, रेडिएटर, पंखाच्या मुळाची खालची कड. शेपटीचं चाक धडाच्या शेवटावर आणि शेपटीच्या आडव्या पंखाखाली. जुन्या टूथब्रशचे केस बोटानं ओढून शिंतोडे उडवा, पण आधी कागदावर उडवून थेंबांचं माप पाहा. १/७२ मध्ये दिसणारा थेंब खऱ्यात वाटीएवढा असतो.

फळीवर थर्माकोल नको, वाकतो. १२ मिलिमीटरच्या प्लायवर लगद्याचा पातळ थर द्या, आणि तो ओला असतानाच सुट्या चाकांचे ठसे फिरवून घ्या.

रांग लावताना

अंतिम वार्निश सगळ्यांनी एकाच बाटलीतून, एकाच दिवशी. चमकेतला फरक रंगातल्या फरकापेक्षा लवकर डोळ्यात भरतो. मग सहाही विमानं खिडकीजवळ ठेवून मोबाइलनं फोटो काढा आणि ते काळे-पांढरे करून १९४४ च्या फोटोंशेजारी ठेवून पाहा. रंगीत असताना न दिसणाऱ्या चुका तिथे उघड्या पडतात: ज्या विमानाची झीज जास्त झालीय ते ठिपक्यांचं दिसतं, ज्याचा वॉश काळा झालाय त्याच्या रेषा आधी वाचल्या जातात. अशा विमानावर मूळ रंगाचा अतिशय पातळ फवारा मारला की सगळं एक पायरी मागे जातं. प्रत्येकानं त्यासाठी वाटलेल्या रंगातलं दोन मिलिलिटर राखून ठेवावं.

विमानं फळीला कायमची चिकटवू नका. टायरच्या तळात ०.५ मिलिमीटरचं भोक, त्यात तेवढीच पितळी तार, आणि फळीत त्याच जागी ०.६ चं भोक. नेताना सहाही विमानं उपसून वेगळ्या डब्यात, पंखाच्या मुळाखाली स्पंजचे ठोकळे देऊन ठेवायची. ठोकळा पंखाच्या टोकाखाली दिला तर खड्ड्यात गाडी आदळली की पहिला तोच सांधा उकलतो.